मूठभर उडदाचं पीठ

बोर्डिंगात मी आले ती तापानं फणफणलेली, काकांच्या घोंगड्यात गुंडाळलेली, आणि डोळे उघडून नीट बघायला लागले तेव्हा आमची मेंढरं तीन मुक्काम पुढं निघून गेली होती. आमचं घर माणदेशातलं, पण ते वर्षातले चार-पाच महिनेच. दिवाळी सरली की काका, काकी, त्यांची चार पोरं आणि पाचवी मी, असा लवाजमा दीडशे मेंढरं आणि दोन घोडी घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचा. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला, धान्य आपल्याला, आणि पुढच्या रानाकडं चालू पडायचं. वडील मला आठवत नाहीत. आईनं दुसरं घर केलं आणि त्या घरात माझ्यापुरती जागा निघाली नाही, यापलीकडं मला त्याबद्दल लिहायचं नाही. कोरेगावच्या अलीकडं मुक्काम असताना मला टायफॉईड झाला. काकांनी मला बोर्डिंगशेजारच्या सिस्टर लोकांच्या दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "आवं बाई, पोरगी बरी करा. माघारी जाताना घिऊन जातो." माघारी जाताना म्हणजे पाच महिन्यांनी, मे महिन्यात. मेंढरं काही टायफॉईडसाठी थांबत नाहीत.

मेमध्ये ते आले खरे, पण तोवर मी शाळेत जायला लागले होते आणि काकीच्या कडेवर पाचवं आलं होतं. काकांनी मला बघितलं, पाटीवरचं माझं नाव बघितलं, डोकं खाजवलं आणि मला तिथंच ठेवून गेले. पुढं अनेकांनी मला कळवळून विचारलं, म्हणजे तुला टाकूनच दिलं की. मिरजेत तीस वर्षं नर्सची नोकरी केली, वॉर्डात खरोखर टाकून दिलेली माणसं कशी असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांना न्यायला कुणी येत नाही. माझे काका दर वर्षी मे महिन्यात येत होते, आणि माझी सगळी पंचाईत तीच होती.

बोर्डिंग म्हणजे कौलारू खोल्यांच्या दोन रांगा, मधे चिंचेचं झाड, एका टोकाला छोटं चर्च आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. आम्ही चाळीसेक पोरी. कुणाचे आईबाप ऊसतोडीवर, कुणाची आई गेलेली आणि बाप दारूत, दोघी-तिघी तर अशा की त्यांना कुणी आणून सोडलं तेही कुणाला सांगता येत नव्हतं. पहाटे पंपाच्या दांड्याचा करकर आवाज, मग चर्चमधली पेटी, जिचा एक सूर मुका होता आणि गाणं त्या जागी आलं की सगळ्याजणी तेवढंच अक्षर मोठ्यानं म्हणून ते भोक बुजवायच्या. सकाळी ज्वारीच्या पातळ कण्या, दुपारी भाकरी आणि आमटी, मंगळवारी पिठलं. रविवारी अंड्याची आमटी असायची, माणशी अर्धं अंडं, आणि बलकाकडचं अर्धं कुणाला मिळतं यावरून जी भांडणं व्हायची ती सोमवारच्या प्रार्थनेपर्यंत चालायची. मी आजही अंडं उकडलं की आधी कापून बघते. माझी सून म्हणते, आई, दोन्ही अर्धी तुमचीच आहेत.

आणखी एक प्रश्न लोक विचारतात, जरा आवाज खाली आणून विचारतात, म्हणून तोही इथंच उरकते. मला कुणी ख्रिस्ती केलं नाही. गळ्यात बिरोबाचा ताईत होता, तो काळ्या दोऱ्यासकट तसाच राहिला. दोरा झिजला तेव्हा सिस्टर रेजिनांनीच नवा ओवून दिला, आणि गाठ इतकी घट्ट मारली की मला मान वळवताना त्रास व्हायचा.

सिस्टर रेजिना वसईच्या. उंच, हाडकुळ्या, चालायला वाऱ्यासारख्या आणि बोलायला तलाठ्यासारख्या. खोटं बोललेलं त्यांना वासानंच कळायचं असा आमचा पक्का समज होता. चिंच चोरली तर चालायचं, पण चोरली नाही म्हणालं की दोन दिवस भांडी. त्यांच्याकडं ओस्तीची खोली होती. ओस्ती म्हणजे गव्हाच्या पिठाची, रुपयाएवढी गोल, पातळ चकती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर ती प्रार्थनेनं पवित्र करतात आणि भाविकांच्या हातावर देतात. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या दहा-बारा चर्चना लागणाऱ्या सगळ्या ओस्ती आमच्या त्या एका खोलीतून जायच्या. बिजागरीनं जोडलेले दोन जाड लोखंडी तवे, त्यांना लांब दांडे, खाली कोळशाची शेगडी. पळीभर पातळ पीठ ओतायचं, वरचा तवा दाबायचा, फुस्स आवाज करत कडेनं वाफ निघायची, आणि तीसपर्यंत आकडे म्हणून तवा उचलला की आत पांढरं पान, त्यावर क्रुसाची नक्षी. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची आणि मग धारेच्या नळीनं एकेक चकती पाडायची. उरलेलं कातरण आम्हा पोरींचं. त्याला चव म्हणाल तर काहीच नाही, पण फुकटचं आणि कुरकुरीत, त्यामुळं त्याच्यावर झुंबड.

तव्यावर मी आणि चकत्या पाडायला नूरी, अशी आमची जोडी होती. नूरी मिरजेची. तिचे अब्बा सतारीचे भोपळे कोरायचे, ते वारल्यावर आजारी आईनं तिला इथं आणून ठेवलं होतं. हात बापाचा आला होता, तिची चकती कधी वेडीवाकडी जायची नाही. धनगराची पोरगी पान भाजणार, मुसलमानाची पोरगी कापणार आणि ते साताऱ्याच्या चर्चमध्ये वेदीवर जाणार, यावर एकदा एका पाहुण्या सिस्टरनी भुवया उंचावल्या होत्या. सिस्टर रेजिना म्हणाल्या, "यांची नखं मी रोज तपासते. बाकीचं देव तपासेल."

पिठाच्या बाबतीत मात्र त्यांचं सोवळं भयंकर होतं. गव्हाचं दळण घेऊन त्या स्वतः गिरणीवर जाऊन बसायच्या. आपल्या आधी कुणी ज्वारी दळली असेल म्हणून पहिले पायलीभर गहू नुसते दगड साफ करायला घालायला लावायच्या आणि ते पीठ आमच्या चपात्यांना द्यायच्या. गिरणीवाला वैतागून म्हणायचा, "सिस्टर, पीठ पीठच असतंय की वो." त्या नुसत्या बघायच्या. मला वाटायचं, असतात काही बायका अशा. आमच्या काकीलाही दुसरीनं हात लावलेलं दही चालत नसे.

या खोलीवर माझं सगळं भवितव्य टांगलेलं होतं, ते कसं ते सांगते. मी सातवीत असताना काका नेहमीप्रमाणे मेमध्ये आले आणि म्हणाले, "आता पोरगी मोठी झाली. उजवाय पायजे." मला शिकायचं होतं, आणि दवाखान्यातल्या सिस्टरसारखी पांढरी टोपी घालून सुई टोचायची होती, विशेषतः काही ठराविक मुलींना. तेव्हा सिस्टर रेजिनांनी काकांना शांतपणे सांगितलं की सुट्टीतही ओस्ती लागतातच, ते काम बानूनं शिकून घेतलंय, तिला नेलं तर आमची अडचण होईल. हे शब्दशः खरं होतं. काका कामाच्या माणसाचा मान राखणारे. दुसऱ्याचा गडी मधूनच पळवायचा नाही, हा त्यांच्यात नियमच. "मग ऱ्हाऊ द्या की," म्हणाले, आणि माझं एक वर्ष वाचलं. तेव्हापासून मी त्या तव्याला जीव लावला. तो तवा होता तोवर मी होते.

आठवीच्या वर्षी ईस्टर तोंडावर आला आणि सिस्टर रेजिना पाच दिवस सांगलीला प्रार्थनेला गेल्या. त्या पाच दिवसांत कुणाशी बोलायचं नसतं. सिस्टर रेजिना पाच दिवस गप्प बसणार, यावर आम्ही पोरींनी बराच दंगा करून घेतला. जाताना त्यांनी मला पिठाचा डबा दाखवला, हजारभर पानांचा हिशेब सांगितला आणि म्हणाल्या, "तुझ्यावर सोडून जाते." मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं. आणि पहिल्याच दिवशी पानं फुटायला लागली. वारं कोरडं सुटलेलं, डबा पत्र्याच्या कपाटात तापलेला. तवा उचलला की पान मधोमध चिरायचं, फडक्यात ठेवलं तरी नळी लावली की भुगा. दुसऱ्या दिवशीही तेच. शंभरातली साठ पानं कातरणात. पोरी खूश, रोज परडीभर कातरण. नूरी भुग्याकडं बघून म्हणाली, "आता सिस्टर आल्यावर आपलीच चकती पाडणार."

मी पीठ चिमटीत धरून बघितलं आणि मला वाटलं, हे तर मला लहानपणापासून ठाऊक आहे. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो, थापताना भाकरीच्या कडेला भेगा पडतात. त्याला आम्ही विरी गेली म्हणतो. आम्हा फिरत्या माणसांना रोज गिरणी कुठली मिळणार, पंधरा-पंधरा दिवसांचं पीठ घोड्याच्या पाठीवर. म्हणून काकीजवळ कायम एक छोटी पिशवी असायची, उडदाच्या पिठाची. परातीत मूठभर टाकलं की कसलंही मेलेलं पीठ उठून बसायचं. दिवस उन्हाळ्याचे होते, स्वयंपाकघरात पापडांसाठी उडदाचं पीठ डबाभर तयारच होतं. मी वाटीभर आणलं. भिजवलेल्या पिठात एक मूठ टाकली, ढवळलं आणि तव्यावर ओतलं. फुस्स झालं, तवा उचलला, आणि पान असं अखंड निघालं की नूरीनं ते उचलून उजेडाला धरलं. किंचित पिवळसर होतं, एवढंच. उरलेल्या तीन दिवसांत आम्ही हजार काय, बाराशे पानं काढली. एकही फुटलं नाही.

सिस्टर परत आल्या, पाकिटं बघितली, दोन-तीन चकत्या हातात घेऊन वाकवल्या आणि जेवणाच्या वेळी चाळीस पोरींसमोर म्हणाल्या, "बानूनं या वर्षी माझ्यापेक्षा चांगलं काम केलंय." त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदानं. दुसऱ्याच दिवशी पाकिटं एसटीनं सगळीकडं रवाना झाली. उडदाचं मी सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगायचं सुचलंच नाही. काकीनं कधी कुणाला सांगितलं होतं?

ईस्टरच्या आधीच्या रविवारी मी व्हरांडा झाडत होते आणि सिस्टर ख्रिस्ती मुलींचा धर्माचा तास घेत होत्या. एका मुलीनं विचारलं, ओस्ती गव्हाचीच का. सिस्टर म्हणाल्या, "गहू आणि पाणी. तिसरं काही पडलं, तर फादरनी कितीही प्रार्थना म्हटली तरी ती मिस्सा खरी म्हणता येत नाही." माझ्या हातातला झाडू तिथंच थांबला. येत्या गुरुवारी आणि त्यापुढच्या रविवारी सगळ्या चर्चमध्ये वर्षातली सगळ्यात मोठी मिस्सा होणार होती, आणि सगळीकडं माझ्या मुठीतलं तिसरं काहीतरी पोचलं होतं.

मी नूरीला चिंचेखाली गाठलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हा. कुणाच्या जिभेला उडीद लागतोय?" मी म्हटलं, लोकांना नाही कळणार, पण. ती म्हणाली, "पण काय? सांगितलंस तर तुझा तवा गेला. तवा गेला की मेमध्ये काका आला, आणि तू गेलीस मेंढरामागं." तिचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं. मला सिस्टरांच्या देवाची भीती वाटत नव्हती, खरं सांगते. मला त्या जेवणाच्या वेळच्या वाक्याची लाज वाटत होती. जिनं माझ्यावर सोडलं होतं, तिच्या नावानं ती पाकिटं गेली होती. दिवसभर अन्न गोड लागलं नाही. सोमवारी दुपारी मी ओस्तीच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

सिस्टर पिठाच्या डब्यावर बसल्या. मग विचारलं, "किती?"

"एक मूठ. दर वेळच्या पिठात."

"सगळ्या पाकिटांत?"

"पहिल्या दोन दिवसांची सोडून. ती बहुतेक फुटलीच होती."

"आणि कशासाठी?"

"विरी येईना म्हणून," मी म्हटलं. वसईच्या भात खाणाऱ्या बाईला विरी काय कळणार, मग तेही समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, अगदी काकीच्या पिशवीसकट. मग उठल्या आणि मला असं बोलल्या की आजही ते लिहून काढायची माझी तयारी नाही. शेवटी म्हणाल्या, "ऊसतोडीवरून लोक दोन-दोन कोस चालत मिस्सेला येतात. मी त्यांना जे आहे म्हणून देते, ते तेच असलं पाहिजे. त्यांना कळत नाही, म्हणून तर ते तेच असलं पाहिजे." आणि हात पुढं केला. मी खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "उद्यापासून तू पापडाकडं. उडीदच पाहिजे ना तुला."

पण उद्या पापडाकडं जायला सवड होती कुणाला. फोन होता तिथं फोन गेले, आणि उरलेल्या ठिकाणी सिस्टर स्वतः निघाल्या, मला घेऊन. त्या म्हणाल्या, "पाकिटं कुठली ते तूच ओळखशील." मागं बोर्डिंगात सगळ्या सिस्टर आणि मोठ्या पोरी नवीन दळणावर नवीन ओस्ती काढायला बसल्या. मंगळवारी पहिल्या गाडीनं आम्ही कराडकडं गेलो, तिथून पुढं सांगली, मिरज. अख्ख्या प्रवासात सिस्टर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, पाच दिवसांचा सराव होताच. एका गावचे फादर म्हातारे, गोलमटोल, हसतमुख. त्यांनी दारातच स्वागत केलं, "सिस्टर, एक फुटकी चाखून बघितली. या वर्षी काय खुसखुशीत झाल्यात हो." सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच परत द्या, फादर." फादरनी माझ्याकडं बघितलं, सिस्टरांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि निमूटपणे पाकिटं आणून दिली. त्यातला एक पुडा द्यायला त्यांना जड गेलं, हे मी पाहिलं.

मिरजेहून परत येताना कराडच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. ऊन मी म्हणत होतं. सिस्टर उठून गेल्या आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिला. बोलल्या तरीही नाहीत. मी रडत रडत रस प्यायले, आणि आलं जास्त झालंय म्हणून डोळ्यात पाणी आलं असं दाखवलं. त्यांनी दाखवू दिलं.

गुरुवारी सगळीकडं नव्या ओस्ती पोचल्या. परत आलेल्या बाराशे पानांच्या चकत्या बोर्डिंगातल्या पोरींनी पुढं पंधरा दिवस आमटीत कुस्करून खाल्ल्या. लहानग्या तर मला विचारायच्या, बानूताई, परत कधी चुकणार? ही बातमी म्हणे बिशपांच्या कानावरही गेली आणि ते हसले. सिस्टर रेजिना मात्र हसल्या नाहीत. ओस्तीच्या खोलीत दोन नव्या पोरी बसल्या. महिन्याभरात त्यांचा हात चांगला बसला, खिडकीतून फुस्स फुस्स आवाज यायचा आणि मी अंगणात पापड वाळत घालायचे. परीक्षा झाली. चिंचेची पानं गळून नवी आली. मी रोज सकाळी रस्त्याच्या अंगाला कान देऊन मेंढरांच्या घंटा ऐकत होते, आणि त्या ऐकू येऊ नयेत म्हणून बिरोबाला, आणि हो, वेळप्रसंगी चर्चमधल्या देवालाही सांगत होते.

त्या ऐकू आल्याच. काका ऑफिसच्या पायरीवर बसले होते, पागोटं मांडीवर, दंडाएवढ्या मिशा, जवळ माझ्यासाठी आणलेला नवा परकर. काका वाईट माणूस नव्हता, हे मला इथं स्पष्ट लिहून ठेवायचंय. त्यांना पाच पोरं होती, पाऊस नव्हता, आणि थोरल्या भावाची पोरगी चांगल्या घरी पडावी एवढाच त्यांचा हेतू होता. सिस्टर रेजिनांनी त्यांना चहा दिला. मी दारात उभी.

"शिस्टर, पोरीला न्ह्यायला आलोय," काका म्हणाले. "खंडाळ्याच्या अंगाला जागा बघितलीया. पोरगं लय गुणाचं हाय. चाळीस मेंढरं सोताची. येत्या बेस्तरवारी पावणं बघाय येनार हायती."

"तिचं शिक्षण राहिलंय," सिस्टर म्हणाल्या.

"व्हय, पर वाचाय यतंय की तिला. मेंढरं मोजाय तेवढं बास हाय." काका हसले. "गेल्या साली तुमचं काम आडत हुतं, म्हून मी बोललो न्हाई. आवंदा काय?"

आवंदा काहीच अडत नव्हतं. अंगणात माझे पापड वाळत होते, काका ते ओलांडूनच आत आले होते. आणि सिस्टर रेजिना खोटं बोलत नाहीत हे मला माझ्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. मूठभर पिठासाठी ही बाई दोन जिल्हे फिरून आली होती.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "आवंदाही अडतंच आहे," त्या म्हणाल्या. "ओस्तीची खोली सगळी बानूच बघते. तिच्याशिवाय एक पान निघत नाही."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

"दुसरी कोन पोरगी न्हाई व्हय?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही." आणि नेमकं तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून आवाज आला, फुस्स. पाठोपाठ तीसपर्यंत आकडे मोजणारा एका पोरीचा खणखणीत आवाज. काकांनी मान वळवली. "त्यो कशाचा आवाज?"

"स्वयंपाकघरातला," सिस्टर म्हणाल्या, आणि उठून खिडकी लावून घेतली. मग वळून म्हणाल्या, "बिशपांनासुद्धा बानूच्या हातच्या ओस्ती माहीत आहेत." त्या दिवसातलं एवढं एक वाक्य खरं होतं.

बिशप म्हणजे फादर लोकांचा मोठा साहेब, एवढं काकांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या मिशांमध्ये अभिमान मावेना. "आसं हाय व्हय," म्हणाले. "मग कशी न्ह्यायची. पावण्यास्नी सांगतो, पोरगी कामात हाय म्हून." परकर माझ्या हातात दिला, डोक्यावर हात ठेवला आणि मेंढरांकडं गेले. रस्त्याच्या वळणापर्यंत घंटा ऐकू येत होत्या. मी दारात उभी राहून रडले, आणि या वेळी कशाचंच निमित्त सांगितलं नाही. सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, "पापडांवर कावळे बसलेत."

शनिवारी फादर यायचे, सिस्टर लोकांचं पापनिवेदन ऐकायला. एरवी सिस्टर रेजिना रांगेत शेवटी असायच्या आणि दोन मिनिटांत बाहेर यायच्या, त्यांना सांगायला असायचंच काय. त्या शनिवारी त्या सगळ्यात पहिल्या गेल्या. मी चर्चच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, अर्धं सूप निवडून झालं तरी त्या आतच. बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच कोरा. माझ्या जवळून जाताना थांबल्या, सुपात डोकावल्या.

मला राहवेना. मी हळूच विचारलं, "सिस्टर, फादर रागावले?"

"नाही. त्यांनी विचारलं, पुन्हा नाही ना असं करणार?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

सिस्टरांनी सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "मी म्हटलं, ते मला आत्ता सांगता येणार नाही. तिचा काका पुन्हा येतो की नाही, त्यावर आहे."

काका त्यानंतर आणखी दोनदा आले.